‘बहिष्कार’ शब्दाची दिशा

‘बहिस्’ म्हणजे बाहेर. त्यास ‘कृ’ धातू जोडून ‘बहिष्कार’ हा शब्द सिद्ध होतो. ‘वाळीत टाकणे’ या प्रयोगाप्रमाणे येथेही पूर्वी जात ही कर्ता व व्यक्ती हे कर्म असे. १९०५ च्या वंगभंगानंतर ही दिशा उलटली : परतंत्र प्रजेनेच विलायती मालावर बहिष्कार घातला. १८८० मध्ये आयरिश कुळांनी कॅप्टन बॉयकॉट यांच्याशी व्यवहार तोडून इंग्रजीस जो शब्द दिला, त्याचा आशय मराठीने असा जुन्या शब्दात सामावून घेतला. परंतु मूळ अर्थ लोपला नाही. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव देऊन त्या कर्मणि कृदन्तासच बोलते केले. महाराष्ट्रास २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून त्या अर्थाची चिवटता ध्यानी यावी.