प्रस्तावना : सुरुवात सुकाणूपासून

बातम्यांत ‘सुकाणू समिती’ इतक्या वेळा नेमली जाते की, सुकाणू ही मुळात लाकडाची एक फळी आहे हेच विसरायला होते. गलबताच्या मागच्या टोकाला टांगलेली, पाण्यात बुडालेली फळी. तिचा दांडा डावीकडे ओढला की पाण्यातले टोक उजवीकडे जाते आणि गलबताची नाळही उजवीकडे वळते. नौकाशब्दांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने हे आधी स्वतः करून पाहावे. कोश नंतर उघडावा.

सुकाणू आले अरबी ‘सुक्कान’वरून. अरबी कोशकारांनी ते ‘स-क-न’ या, स्थिर राहण्याचा अर्थ असलेल्या धातूशी जोडले : ज्याच्यामुळे नाव भरकटत नाही ते सुक्कान. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘राहणार’ या अर्थी येणारे ‘साकीन’ याच धातूचे. व्युत्पत्ती इतकी चपखल की संशय यावा. आणि संशयाला जागा आहेच. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत ‘सिक्कन्नु’ म्हणजे सुकाणूच. तिथून अरामीच्या वाटेने तो शब्द अरबीत उतरला, हे मला अधिक पटते. व्युत्पत्तीच्या नादात जवळची भाषा नेहमीच मोह घालते.

शब्द टिकला, पण वस्तू एकसारखी राहिली नाही. दहाव्या शतकातला अरब भूगोलकार मुकद्दसी तांबड्या समुद्रातली खडकाळ वाट वर्णन करतो. कप्तान उंचावर बसून पाण्यावर नजर ठेवतो, खडक दिसताच ओरडतो, दोन पोरे तीच हाक पुढे देतात आणि सुकाणूवरचा माणूस हातातल्या दोन दोरांपैकी एक ओढतो. दांड्याऐवजी दोर! उत्तर युरोपात तर सुकाणू मागे नसून कुशीला असे. नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेल्या गोकस्टाड जहाजावर ते उजव्या बाजूला आहे. इंग्रजीतले ‘स्टारबोर्ड’ म्हणजे हीच सुकाणूची बाजू.

आपल्या किनाऱ्यावरचे नाखवा हे फारसी ‘नाखुदा’, आरमार हे पोर्तुगीज ‘आर्मादा’. त्यांच्याविषयी बरेच लिहून झाले आहे. अवयवांच्या नावांकडे मात्र दुर्लक्ष झाले : पठाण, परबाण, उलांडी. ती गोळा करायची तर घाई हवी. फायबरच्या होडीला मागे इंजिन लावले की वेगळे सुकाणू लागतच नाही; इंजिनच दांड्याने फिरवतात. त्या दांड्याला बंदराबंदरांत काय म्हणतात, ही नोंद नव्या अभ्यासकाने पहिल्याच फेरीत करून घ्यावी.