थडी, मळई आणि पूररेषा

भीमेच्या खोऱ्यातील जमिनीचा इतिहास लिहिताना दुष्काळ, शेतसारा आणि धरण यांना जागा मिळते. नदीच्या काठावर नेमका हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. करकंब हे पंढरपूरच्या उत्तरेचे, भीमेच्या डाव्या अंगाचे गाव. वर उजनीचे धरण, खाली चंद्रभागेचे वाळवंट, अशा मधल्या टापूत ते येते. पाण्यापासून किती अंतर सोडून बांधावे आणि त्या अंतराची किंमत कोणी सोसावी, हा वाद इथून दोन्ही बाजूंनी पाहता येतो. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही त्याकडे प्रथम शब्दांच्या वाटेने जातो.

काठासाठी आपल्याकडे शब्दांची उणीव नाही. 'थडी' म्हणजे तीर. पण 'भीमथडी' म्हटले की सबंध मुलूख आणि तिथली नामांकित तट्टे आठवतात. पंढरपुरात 'वाळवंट' म्हणजे नदीच्या पात्रातील वाळू. पुराने आणून टाकलेली जमीन ती 'मळई'. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडते आणि पेरली जाते ती 'गाळपेर'. या सर्व शब्दांत काठ हा ऋतूप्रमाणे रुंदावणारा आणि आक्रसणारा पट्टा आहे. रेषा म्हणून तो कोठेच येत नाही.

महसुली कायद्याला मात्र रेषा लागते. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ च्या कलम ३७ ने नद्या, ओढे, तळी आणि त्यांची पात्रे सरकारची ठरवली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये तेच तत्त्व पुढे आले. तरीही या कायद्यांनी नदीचे चंचलपण पुरते नाकारले नाही. मळईच्या जमिनीविषयी आणि वाहून गेलेल्या जमिनीच्या साऱ्यात सूट देण्याविषयी त्यांत तरतुदी आहेत. नदी देते आणि नेते, हे वसाहतकालीन कारकुनालाही मान्य करावे लागले.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि हा हिशेब बदलला. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाखाली करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील जमिनी गेल्या; पळसदेवचे जुने मंदिर पाणी खूप खाली गेले की आजही वर येते. ज्यांची शेते बुडाली त्यांच्यापैकी कित्येकांना उन्हाळ्यात उघडा पडणारा गाळ आपलाच वाटतो. कागदोपत्री तो सरकारचा असतो आणि भाडेपट्ट्याने मिळाला तर मिळतो. धरणाखालच्या गावांत याच्या उलट घडले. वर धरण आहे म्हणजे नदी आवाक्यात आली, या समजुतीने घरे व प्लॉट पात्राकडे सरकण्याला बळ मिळाले. ऑक्टोबर २०२० च्या पुराने ती समजूत किती तकलादू आहे ते दाखवले.

त्या समजुतीला आवर घालणारा नियम मात्र आधीच होता. राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने पूररेषांची व्यवस्था घालून दिली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतील भाग निषिद्ध, दोन रेषांमधील भाग नियंत्रित. मालकाचा सातबारा तसाच राहतो, त्यावर काय करता येईल हे बदलते. जमीन घेतली तर मोबदला मिळतो; केवळ निर्बंध आला तर सहसा मिळत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि कलम ३००-अ खाली ठेवला. त्यामुळे मालकाची तक्रार अधिकच एकाकी झाली.

पाणथळ जागांच्या नियमांनी या वादाला आणखी एक पेच दिला. २०१० च्या आणि नंतर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार, मागील दहा वर्षांच्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, धक्के सोडून, पक्के बांधकाम करता येत नाही. परंतु २०१७ च्या व्याख्येतून नदीची पात्रे आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे भिगवणजवळ जिथे रोहित पक्षी उतरतात ते उजनीचे पाणी या व्याख्येत बसत नाही. आणि गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर, तेही बंधाऱ्यामुळेच झालेले, २०२० मध्ये रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले! शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या बोलीत 'पाणथळ' हा जमिनीचा दोष आहे. जादा पाण्याने पीक जळते ती जमीन पाणथळ. सरकारी मराठीत तोच शब्द जपण्याच्या ठेव्याचे नाव झाला. बांधावर कायद्याविषयी जो अविश्वास असतो त्याचे एक मूळ या भाषांतरात आहे, असे आम्हांला वाटते.

आमचे मत असे, की अंतर सोडण्याचा नियम हवाच. निळ्या रेषेच्या आत भराव घातला तर पाणी दुसऱ्याच्या, बहुधा गरिबाच्या, घरात शिरते; तेव्हा एकाच्या हक्काची मर्यादा शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी येते. मात्र रेषा आखण्यापूर्वीपासून नांदते घर आणि रेषा ठाऊक असून पाडलेला प्लॉट यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. पहिल्याला पर्यायी जागा मिळावी. दुसऱ्याच्या बाबतीत विकणाऱ्याला जाब विचारावा. आणि पूररेषेचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गटक्रमांकांसह, वाचता येईल अशा मराठीत लागावा. ज्याने एकदा धरणासाठी जमीन दिली त्याच्याकडून पुन्हा अंतर मागताना एवढे तरी शासनाकडून अपेक्षित आहे.