न्यव्ह शापेलचा धडा

१० मार्च १९१५ रोजी ब्रिटिशांच्या पहिल्या सेनेने फ्रान्समधील न्यव्ह शापेल या खेड्यावर हल्ला चढविला. हल्ल्यातील जवळजवळ निम्मे सैन्य भारतीय होते. विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे सिद्ध झाले होते. तोफांचा भडिमार अवघी ३५ मिनिटे चालला. शत्रू सावरण्यापूर्वीच गाव हाती आले. परंतु दूरध्वनीच्या तारा तुटल्या, आज्ञा वेळेवर पोहोचेनात, राखीव दले खोळंबली आणि तेवढ्या अवधीत जर्मनांनी मागची फळी भक्कम केली.

या लढाईतून दोन धडे घेता येत होते : एक अनपेक्षित आघाताचा, दुसरा विपुल दारूगोळ्याचा. सेनानींनी दुसराच अधिक मानला. १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर सात दिवस भडिमार झाला; जर्मन सैनिक खोल भुयारांत तग धरून राहिले आणि १ जुलै या एकाच दिवशी ब्रिटिश फौजेतील १९ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे मात्र दीर्घ भडिमार टाळून तोफा व रणगाडे एकदमच शत्रूवर सोडण्यात आले. पहिला धडा तेव्हा कोठे अंगी बाणला.

न्यव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर, ज्यांचे अंत्यस्थान अज्ञात राहिले अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. युद्धशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला अनुभव म्हणतात, त्याचे मोल या नावांनी चुकते केले आहे.