डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह : वेगवान सुरुवातीचे तंत्र
धाराशिव : ड्रॅग शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची असते, तिच्यात सुरुवातीचे क्षण निर्णायक ठरतात. कमी वेगाने फिरणाऱ्या डिझेल इंजिनात टर्बोचा दाब अपुरा असतो. त्यामुळे इंजिनाचे फेरे आधी वाढवून क्लच बेताने सोडावा लागतो. रिकाम्या ट्रकचा मागचा भाग हलका असल्याने मागची चाके जागीच फिरतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद चारही चाकांत वाटली जाऊन पकड वाढते. मात्र जिल्ह्यातून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग ही सरावाची जागा नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८९नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा आहे. सरावासाठी परवानगी असलेली बंदिस्त धावपट्टीच हवी.