संस्थेची हद्द

शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात माणसाच्या देहाची ओळख करून देताना पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरणसंस्था, चेतासंस्था अशी प्रकरणे एकामागून एक येतात. मुले ती पाठ करतात, आकृत्या काढतात, आकृत्यांना नावे देतात आणि मोकळी होतात. पण हाच 'संस्था' शब्द आपण पतपेढीला आणि वाचनालयालाही लावतो. वाचनालयाला घटना असते, सभासदांची यादी असते, दाराला कुलूप असते. आत कोण आणि बाहेर कोण असे विचारले, तर चिटणीस वही काढून दाखवतो. पचनसंस्थेची अशी वही कोणाजवळ आहे? तोंडातली लाळ तिच्यातली, हे कबूल. पण आतड्यात बिऱ्हाड करून राहिलेले कोट्यवधी जंतू तिचे सभासद की नुसते भाडेकरू? आणि ताटातला लाडू पाहून तोंडाला पाणी सुटते, तेव्हा तो लाडू पाहणारा डोळा कोणत्या संस्थेत धरायचा?

सजीवांच्या व्यवहारांची गणिते मांडून ती यंत्रावर सोडवून पाहणारे एक शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. त्याला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात. तिथे पहिले समीकरण लिहिण्याआधीच हद्द ठरवावी लागते. समीकरणात कोणाला घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे? माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला ही अडचण चांगलीच ओळखीची आहे. वाड्यातली सगळी बिऱ्हाडे पुस्तकात घेतली तर गोष्ट पुढे सरकत नाही, आणि कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी वगळली तर शेवटचे प्रकरण उभे राहत नाही. मात्र कादंबरीत हद्द चुकली तर वाचक पुस्तक मिटतो, एवढेच. देहाच्या बाबतीत चुकली तर काय होते, ते पुढे येईल.

या शास्त्राला संगणकापासून आरंभ झाला असे मानण्याची रीत आहे. मला तो आरंभ १६२८ सालात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी दिसतो. त्या साली विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज वैद्याचे हृदयाच्या हालचालीविषयीचे लॅटिन पुस्तक फ्रँकफुर्टला छापले गेले. त्यापूर्वी जवळजवळ दीड हजार वर्षे युरोपात गेलेनचे मत चालत आले होते. खाल्लेल्या अन्नाचे यकृतात रक्त बनते, ते शिरांतून अंगभर जाते आणि अवयव ते पिऊन टाकतात, असे ते मत. फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसाला ते पटेलही. त्यात रक्त हे शेताला सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखे होते: एका टोकाने यायचे आणि जमिनीत मुरायचे.

हार्वीने प्राण्यांची हृदये उघडून पाहिली, पण त्याने खरा घाव घातला तो त्रैराशिकाने. हृदयाच्या एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम रक्त बाहेर पडते असे धरा, असे तो म्हणतो. अर्ध्या तासात हजाराहून अधिक ठोके पडतात. म्हणजे अर्ध्या तासात पंधरा किलो रक्त! दोन तासांत ते चांगल्या धडधाकट माणसाच्या वजनाइतके भरते. एवढे रक्त रोज नव्याने बनवायला माणसाने खावे तरी किती? कोणी आकड्यांविषयी कुरकुर करू नये म्हणून त्याने अर्ध्या औंसाच्या जागी एक ड्रॅम, म्हणजे त्याचाही चौथा हिस्सा धरून पाहिला. तरीही हिशेब अन्नाच्या आवाक्याबाहेरच राहिला. तेव्हा एकच वाट उरली. तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

मला या कथेत मौज वाटते ती ही, की रक्ताभिसरणसंस्थेचे वर्तुळ हार्वीला पुरते दिसलेच नव्हते. धमन्यांतले रक्त शिरांत कोठून शिरते, ती जागा त्याने कधी पाहिली नाही. १६५७ साली तो वारला तेव्हाही ती कोणाला ठाऊक नव्हती. चार वर्षांनी, १६६१ साली, इटलीत मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाच्या फुफ्फुसावर सूक्ष्मदर्शक धरला आणि केसाहूनही बारीक वाहिन्यांचे जाळे त्याला दिसले. वहीत जमा आणि खर्च जुळत नव्हते, म्हणून आधी वर्तुळ मानावे लागले; त्यातला शेवटचा दुवा मागाहून डोळ्यांना दिसला.

हार्वीने हद्द वाढवून साऱ्या देहाभोवती नेली. विसाव्या शतकात केंब्रिजच्या दोघांनी नेमके उलट केले. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले यांना मज्जातंतूतून संदेश कसा धावतो ते शोधायचे होते. माणसाचा तंतू फारच बारीक. पण समुद्रात माकूळ नावाचा जो जीव असतो, आणि कोकणात ज्याचे कालवण होते, त्याच्या जातीतल्या काहींच्या अंगात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एक तंतू असतो. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या प्रयोगशाळेत त्या दोघांनी त्याच्या आत बारीक तार सरकवून विजेचा दाब मोजला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि काम बंद पडले. युद्धानंतर त्यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि १९५२ साली निबंध प्रसिद्ध केले. त्यात मेंदू नाही, स्नायू नाही, आख्खा माकूळही नाही. आहे ती तंतूची फक्त पातळ त्वचा. तिच्यातून सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो, आणि त्यांच्या वाटा विजेच्या दाबाप्रमाणे उघडतात, मिटतात. चार बदलत्या राशींत सारा कारभार आटोपला.

समीकरणे तयार झाली तेव्हा केंब्रिजचा विद्यापीठी संगणक दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. हक्स्ले हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर बसला. धावत्या संदेशाचे गणित सुटायला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आले: सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२ मीटर. समीकरणांतले आकडे एका जागी स्थिर धरलेल्या त्वचेवर मोजलेले, आणि त्यांवरून धावत्या संदेशाचा वेग इतका जवळ यावा! तो दांडा फिरवणाऱ्या हाताला माझा नमस्कार.

ही हद्द योग्य होती की नव्हती, याची परीक्षा १९६१ साली झाली. हॉजकिन आणि त्याचे सहकारी बेकर व शॉ यांनी तंतूवरून रूळ फिरवून, नळीतून मलम पिळावे तसा आतला गाभा पिळून काढला आणि त्या पोकळीत क्षारांचे पाणी भरले. रिकामा तंतू संदेश नेतच राहिला! गाभा खरोखरच हद्दीबाहेरचा होता. आणि माल्पिगीची गोष्ट इथेही पुन्हा घडली: कागदावरच्या त्या सोडियम-पोटॅशियमच्या दारांसारख्या प्रत्यक्ष एकट्या दारातून जाणारा प्रवाह मोजणे नेहर आणि झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांना साधले ते १९७६ साली, पण निराळ्या जातीच्या, स्नायूतल्या दारांवर.

मग हृदय. लंडनला डेनिस नोबल नावाचा तरुण विद्यार्थी होता. त्याने हीच समीकरणे बदलून हृदयातल्या एका प्रकारच्या तंतूला लावली. त्याला मर्क्युरी नावाच्या संगणकावर पहाटे दोन ते चार अशी वेळ मिळाली. १९६० साली त्याच्या समीकरणांतून ठोके पडू लागले. कोणी बाहेरून टिचकी न मारता, एकामागून एक, ठरल्या अंतराने. हा ताल कोठे होता? कोणत्याही एका दारात नव्हता. दारे विजेचा दाब बदलतात आणि तो दाब दारांना उघडतो-मिटतो. दाब एका जागी धरून ठेवला तर दारे शाबूत असूनही ताल थांबतो. ठोक्याची विचारणा करायची तर दारे आणि दाब मिळून होणारे ते रहाटगाडगे हीच लहानात लहान संस्था. एक पोहरा सोडून घेतला की पाणी येत नाही.

हे कागदावर समजलेले होते, तरी रुग्णाच्या खाटेजवळ माणसे निराळी हद्द आखत होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात, आणि ज्यांना ते पडतात त्यांना अकस्मात मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा जादा ठोके बंद केले की धोका टळेल, असे सरळ अनुमान झाले. सोडियमची दारे अडवणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके खरोखर थांबवीत. अमेरिकेत याची मोठी चाचणी झाली. त्यात ७५५ जणांना ही औषधे दिली आणि ७४३ जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. १९८९ साली ती मध्येच थांबवावी लागली. दोन वर्षांनी पुरा हिशेब छापून आला: निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २६ मृत्यू, औषध घेणाऱ्यांत ६३. जादा ठोके मोजणाऱ्या कागदावर औषध उत्तीर्ण होते. आजारी हृदयात जखमेच्या कडेने वीज आधीच रेंगाळत चालते. दारे अडवली की ती आणखी रेंगाळते आणि तिथल्या तिथे गिरक्या घेऊ लागते. ती कड कोणाच्या आकृतीत नव्हती. त्या ६३ जणांच्या घरच्यांना संस्थेची व्याख्या हा पुस्तकी वाद कसा वाटावा?

म्हणूनच नव्या औषधाचा हृदयाला धोका किती, हे एकाच दारावरून न ठरवता अनेक दारांवरचा परिणाम मोजून, तो संगणकातल्या हृदयपेशीत घालून पाहावे, अशी मोहीम २०१३ साली अमेरिकेत निघाली. नोबलच्या त्या पहाटेच्या समीकरणांचीच ती नातवंडे.

हद्द फक्त वाढवत गेलो तर शेवटी कोठे पोहोचतो, हे पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी एका जंतूची संपूर्ण पेशी संगणकात उतरवली. त्यांनी जंतू निवडला तो अगदी थोड्या संसाराचा, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम; त्याच्या जनुकांची संख्या ५२५. पेशीचा कारभार अठ्ठावीस खात्यांत वाटला, प्रत्येक खात्याला त्याच्या सोयीचे गणित दिले, आणि दर सेकंदाला सगळ्या खात्यांच्या वह्या एकमेकांशी जुळवत जंतू एकाचे दोन होईपर्यंत नेला. खात्यांची ती वाटणी मात्र जंतूने केलेली नाही. ती माणसांनी केली, सत्तावीसही करता आली असती.

आणि हा जंतू इतक्या थोड्या जनुकांवर भागवू शकतो, त्याचे कारणही मजेशीर आहे. तो परान्नपुष्ट आहे. स्वतः बनवायच्या कितीतरी वस्तू तो यजमानाकडून आयत्या घेतो, आणि त्याचा यजमान म्हणजे माणूस. संगणकातल्या त्या संपूर्ण पेशीत माणूस मात्र नाही. त्याच्या जागी पेशीबाहेरच्या द्रवातल्या पोषक पदार्थांची एक यादी आहे.