भिंतीतली तिसरी तार

मंडळी, घरात टेलिफोनची दोन-तीन सॉकेटे असतील, तर इंटरनेटचा राउटर कोणत्या सॉकेटाला जोडावा? दिसायला सगळी सारखीच. पण एकावर काम झपाझप होते, दुसऱ्यावर रखडते. मग माणूस कंपनीला बोल लावतो, पदरचे पैसे घालून नवा राउटर आणतो, आणि रड तीच राहते. खोड राउटरची नसतेच. ती असते भिंतीतल्या जुन्या तारेची. तिची हकिकत ब्रिटनमधली आहे.

तिथे टेलिफोन पोस्ट खात्याचा असे आणि तो सहसा भिंतीशी कायमचा जोडलेला असे. १९८१ साली हा कारभार पोस्टापासून वेगळा झाला आणि त्याच वर्षी काढता-घालता येणारे सॉकेट आले. रस्त्यावरून घरात तारा येत दोनच, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ अशासाठी, की बाहेरचा विजेचा उपद्रव दोघींवर सारखाच पडावा आणि त्याची वजाबाकी व्हावी. पण घरातल्या साऱ्या फोनांची घंटा वाजली पाहिजे ना! म्हणून पहिल्या, म्हणजे मुख्य सॉकेटात एक कपॅसिटर बसवला आणि तिथून आतल्या सॉकेटांकडे घंटेसाठी तिसरी तार नेली. त्या काळी ही सोय उत्तमच होती.

पुढे २००० साली त्याच तांब्यावरून ब्रॉडबँड सुरू झाले. बोलण्याला सेकंदाला ३,४०० पर्यंतची कंपने पुरतात. ब्रॉडबँडची कंपने २५,००० च्या वर, सुमारे ११ लाखांपर्यंत जातात. इथे ती तिसरी तार नडली. तिला पिळाची जोडीदारीण नाही. त्यामुळे ती रेडिओच्या एरिअलसारखी आसपासची खरखर गोळा करते आणि शेजारच्या जोडीत सोडते. म्हणून राउटर मुख्य सॉकेटालाच जोडावा आणि प्रत्येक फोनला फिल्टर लावावा, असा धडा तिथे घालून दिला गेला.

आपल्याकडे भारत संचार निगमने २००५ साली तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आणले, तेव्हा स्प्लिटर नावाची डबी आली. नियम तोच. बाहेरची तार आधी डबीत, मग एक फाटा फोनला, दुसरा मोडेमला. डबीच्या आधीच जादा फोन जोडला, की घोटाळा झालाच समजा.

तेव्हा गुरुजी, जिथे अजून तांब्याची तार आहे तिथे मुलांना घेऊन ती घरात कुठून शिरते ते शोधा. तिचा पहिला थांबा, तीच राउटरची जागा.