माळवदावरची माती : दरवर्षीची डागडुजी आणि १९९३ ची पहाट



या वेळची नोंद शेतातली नाही, घरातली आहे. हरभरा निघाला, तूर विकून झाली आणि एप्रिलात जुन्या घराच्या माळवदाला हात घातला. दरवर्षीप्रमाणं मृगाच्या आधी पांढरी माती आणून टाकायची, एवढाच बेत होता. पण मधल्या खोलीची तुळई वाकल्यासारखी दिसली. गवंडीदादा म्हणाले, "आधी वर किती माती हाय ते तर बघा." म्हणून कोपऱ्यात एक हातभर खड्डा घेतला.

खड्ड्याची बाजू बघितली आणि बसूनच राहिलो. माती परीक्षणासाठी शेतात खड्डा घेतल्यावर जसे थर दिसतात, तसे थर. पांढरी माती, मधे भुसा कुजलेली काळपट रेघ, परत पांढरी, एका ठिकाणी चक्क शेतातली काळी. प्रत्येक थर म्हणजे कुणाच्या तरी हातची एक दुरुस्ती. आज्याची, चुलत्याची, वडलांची, माझी. टेप लावला तर २२ इंच.

आता हिशेब बघा. खोली १० बाय १२ फुटांची. एक इंच माती म्हणजे १० घनफूट. २२ इंच म्हणजे २२० घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या वर. कृषीच्या मंडळींना आकारघनता सांगायला नको. चोपून बसलेल्या मातीची १.६ धरली तर एका ब्रासचं वजन साडेचार टन होतं. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर १० टन, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. शेतात दोन ट्रॉल्या माती भरून उभ्या करा आणि त्यांच्याखाली अंथरूण टाकून झोपा म्हटलं तर कोण झोपेल? आम्ही तीन पिढ्या झोपलो.

ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घराची नाही. मराठवाड्यातल्या हजारो घरांचा हाच इतिहास आहे. तो नीट समजून घेतल्याशिवाय घराची दुरुस्ती काढू नये, असं आता वाटतं. म्हणून लिहितोय.

अशी घरं का बांधली?

आपल्याकडच्या काळ्या मातीचा गुण सगळ्यांना माहीत आहे. पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. तिच्या भिंती टिकत नाहीत, विटाही धड होत नाहीत. पण दोन-चार फूट खाली गेलं की काळा दगड भरपूर. मग दगड आपल्याच रानातला, चिखल आपलाच, मजुरी गावातली. भिंत दोन-तीन फूट जाड, काही वाड्यांची त्याहूनही रुंद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, चोराला फोडायला अवघड. वर लाकडी तुळया, त्यावर सर, सरांवर फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर मातीचं माळवद. उजेडाला आणि धुराला साणं, पाण्याला पन्हाळ. ज्यांना लाकूड परवडलं त्यांनी आत खांब उभे करून खणाचं घर बांधलं. ज्यांना परवडलं नाही, त्यांच्या तुळया थेट भिंतीवर टेकल्या.

म्हणजे जुनी माणसं अडाणी नव्हती. जे मिळत होतं त्यात, आणि जी अडचण दिसत होती तिच्यासाठी बांधत होती. दिसणारी अडचण होती ऊन, पाऊस आणि चोर. भूकंप कुणाच्या गावी नव्हता. सरकारी नकाशातही नव्हता. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, पण तो पश्चिम महाराष्ट्रात. किल्लारीचा भाग १९९३ पर्यंत भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता.

डागडुजीचं वेळापत्रक

माळवदाला दरवर्षी हात लागायचाच. चैत्र-वैशाखात उंदराची बिळं बुजवायची, वर उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, भेगांत भुसा-शेण कालवलेला चिखल भरायचा, मग नवी माती टाकून, पाणी मारून चोपायची. पन्हाळ साफ करायची. शेतीच्या कामात जशी पाळी कुणी चुकवत नसे, तसंच हे. पाऊस लागल्यावर गळायला लागलं तर भर पावसात वर चढून अजून एक टोपलं. ही शिस्त खरंच वाखाणण्यासारखी होती.

पण यात एक खोट होती. गळतं म्हणून माती टाकायची. टाकलेली माती पुढच्या वर्षी भेगाळायची, म्हणून परत टाकायची. थोडी वाहून जायची, बाकीची बसून राहायची. जुनी माती काढायची मात्र पद्धतच नव्हती. दुरुस्ती गळतीची व्हायची, भाराची कुणीच करत नव्हतं. एक इंच थर वाढला की १० बाय १२ च्या खोलीवर साडेचार क्विंटल वजन वाढतं, म्हणजे सोयाबीनची ५० किलोची नऊ पोती. दर दोन-तीन वर्षांनी नऊ पोती वर चढवून ठेवली आणि खाली कधी उतरवलीच नाहीत, असं समजा. पुढं किल्लारी भागाची पाहणी झाली, तेव्हा काही घरांवर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत माती आढळली.

दुसरी खोट भिंतीत. बाहेरून जाडजूड दिसणारी भिंत आतून एक नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधे दगडगोट्यांची नि चिखलाची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत घातलेलेच नव्हते. भेग पडली की वरून गिलावा, पोट सुटलं की बाहेरून टेका. आत काय चाललंय ते गिलाव्याखाली झाकून जायचं.

घरानं आधी सांगितलं होतं

१९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात अनेक छोटे धक्के बसले. त्यातला ऑक्टोबरातला एक चांगलाच जाणवला. भिंतींना तडे गेले, लोक काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के कमी झाले. लोकांनी तडे लिंपले आणि घरात परत गेले. यात त्यांची चूक काढायचा मला अधिकार नाही, आपणही तेच केलं असतं. रब्बीची पेरणी अंगावर असताना घर उकलून बघायला वेळ आणि पैसा कुणाकडं होता?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगाच्या मोजमापात हा मध्यम भूकंप. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. काही नोंदी हा आकडा पावणेदहा हजारांच्या जवळ नेतात. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं ढिगारा झाली.

मी तेव्हा चौथीत होतो. आमचं गाव लांब, तरी फळीवरची भांडी खाली आली आणि आज्यानं आम्हाला ओढत अंगणात नेलं. नंतर चुलते मदतीला गेले होते. ते एवढंच सांगायचे, की माणसं दगडाखाली कमी आणि मातीखाली जास्त सापडली. भिंतीचे दोन थर दोन बाजूंना फाकले आणि वरची टनावारी माती सरळ खाली आली. मातीत गाडलेल्या माणसाला श्वासालासुद्धा जागा राहत नाही.

त्याच गावांत कुडाच्या झोपडीत, छपराखाली झोपलेली गरीब माणसं बरीच वाचली. आणि जिथं खणाचं घर होतं, माळवदाचा भार आतल्या लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती बाहेर ढासळल्या तरी काही ठिकाणी छत खांबांवर उभं राहिलं. घर कुणाचं मोठं हे त्या पहाटे कामाला आलं नाही. डोक्यावर ओझं किती आणि ते कशावर टेकलंय, यावर सगळं ठरलं.

नंतरची दुरुस्ती

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याचा पुनर्वसन कार्यक्रम आला. ५२ गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याहून मोठं काम कमी बोललं जातं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायला मदत दिली गेली. ठेकेदार नाही, घरमालकानंच काम करून घ्यायचं. पैसे टप्प्याटप्प्यानं, एक टप्पा दिसला की पुढचा हप्ता. गावोगावी संवाद सहायक नेमले, त्यात महिला मंडळांच्या बायका पुढं होत्या. सिमेंटचा माल किती, पाणी किती दिवस मारायचं, पट्टा कुठं हवा, हे त्या घरोघरी जाऊन तपासायच्या.

तेव्हा सांगितलेली कामं साधीच होती. माळवदावरची माती कमी करा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई घाला आणि काँक्रीटनं भरा, म्हणजे दोन्ही थर बांधले जातील. दारा-खिडक्यांच्या वरून घरभर पट्टा फिरवा. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे टेके द्या. १९९३ मध्येच अशा दगडमातीच्या घरांसाठी भारतीय मानकही निघालं. नव्या दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि लांबीत चार फुटांच्या आत एक आरपार दगड हवा, असं त्यात आहे.

झालं काय? अनेकांनी जुन्या घराला हात न लावता त्या पैशात शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुन्या घरावरचा विश्वासच उडाला होता, त्यामुळं ते समजण्यासारखं आहे. पण जुनी घरं उभीच राहिली. कुणी त्यात सोयाबीन भरलं, कुणी जनावरं बांधली, आणि लेकरं वाढल्यावर परत माणसं झोपायला लागली. वर माती तेवढीच.

२००२ च्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा प्रशासनानं पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. तीस वर्षांनी तोच धडा, डोक्यावरचं ओझं उतरवा.

आम्ही कसं केलं

मी इंजिनिअर नाही. अनुभव म्हणून क्रम सांगतो.

१. आधी फक्त बघितलं. तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाकली आणि दोन महिने थांबलो. तडा पुढं सरकला की दुखणं चालू आहे. भिंतीला ओळंबा लावून पोट मोजलं. खांबांच्या बुडाला दाभण टोचून वाळवी बघितली. एका खांबात दाभण मुठीपर्यंत गेलं.

२. पाण्याची वाट आधी बदलली. पन्हाळीचं पाणी पायातच मुरत होतं. काळी माती तिथं फुगते-आकसते आणि वर भिंत तडकते. वर कितीही लिंपा, उपयोग नाही.

३. माती काढण्याआधी आत टेके दिले. मग सगळीकडून सारखी, थराथरानं उतरवली. एका बाजूला ढीग केला तर तुळई तिथंच मोडायची. पूर्ण छतावर चार माणसांच्या वर चढू दिलं नाही.

४. खराब खांब आणि तुळई बदलली, भिंत बांधून घेतली, मग वर कागद घालून हलकं छप्पर. गिलावा आणि रंग शेवटी, पैसे उरले तर. आपल्याकडं सुरुवात रंगापासून होते आणि पैसा तिथंच संपतो.

५. "काढतोयस तर स्लॅबच टाक," असं दहा जणांनी सांगितलं. चार इंची स्लॅबचं वजन फूटभर मातीच्या निम्म्याच्या आसपास, हे खरं. पण खाली चिखलात रचलेली भिंत तीच राहते. स्लॅब टाकायचा तर पायापासून वेगळं बांधकाम हवं, जाणकाराला दाखवून.

सगळं उन्हाळ्यात बसवा. फेब्रुवारीत बघणी, मार्चमध्ये लाकूड-मालाची जुळणी, एप्रिल-मेमध्ये काम. जून लागला की उघडं छत आणि पेरणी दोन्ही एकदम अंगावर येतात.

काढलेली माती घराच्या मागं ढीग करून ठेवली आहे. आई पहिल्या दिवशी नाराज होती. "तुझ्या आज्यानं डोक्यावर टोपल्या वाहून टाकलेली माती हाय ती," म्हणाली. खरंच आहे. त्यांनी आपल्याला गळू नये म्हणून ती वर नेली. आता आपल्या लेकरांसाठी ती खाली आणायची पाळी आपली. शेवटची ट्रॉली भरली तेव्हा आईनंच दोन टोपली भरून दिली. परसातल्या शेवग्याच्या आळ्यात टाकली ती.

तुमच्याकडं माळवद असेल तर या आठवड्यात एक कोपरा उकरून टेप लावा. किती इंच भरलं ते कळवा. आणि आकडा फूटभराच्या वर गेला, तर निदान तोवर लेकरांची अंथरुणं त्या खोलीतून हलवा.